चार महिन्यांचं घर

आमच्या कल्याण तालुक्यात घर बांधायला वर्षाचे बारा महिने कधीच नव्हते. होते ते चार, फार तर साडेचार. दिवाळीच्या सुमाराला भात कापायचं, भारे बांधून खळ्यावर आणायचं, झोडायचं, पाखडायचं, कणगीत भरायचं. यात मार्गशीर्ष सरतो. पौषात शुभकार्य करत नाहीत. म्हणून पाया माघात, आणि मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, डोक्यावर छप्पर. एवढ्यात बसेल ते घर. नाही बसलं तर उघड्या भिंतींवर पाऊस.

आणि हे चार महिने एकट्या घरधन्याचे नसतात. वीटभट्ट्या याच दिवसांत पेटतात, कारण कच्ची वीट पावसात टिकत नाही. लग्नं याच दिवसांत. शेतातला राब भाजायचा तो उन्हाळ्यातच. खाडीकाठची मिठागरं याच उन्हावर चालतात. म्हणजे गवंडी, सुतार, गाडीवान, बिगारी, भट्टीवरचा कातकरी, घरची बाई आणि मालक, सगळ्यांना तेच चार महिने पाहिजेत. वीट-रेती पैसे टाकून मिळते. या एवढ्या माणसांचे दिवस एका रांगेत लावणं, हे घर बांधण्यातलं खरं अवघड काम.

कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेच्या आमच्या गावात, एकाच जागेवर, आमच्या घराण्याची चार घरं झाली. पहिलं आजोबांचं, ते मी बांधताना पाहिलं नाही पण त्यात लहानाचा मोठा झालो. पुढची तीन डोळ्यांनी पाहिली. शाळा माझी दहावीपर्यंतच. पण बाबांना वहीत लिहून ठेवायची सवय होती, ती मला लागली. त्या वह्यांवरून हे लिहितो आहे.

आधी एका जुन्या कामाची गोष्ट सांगतो. अंबरनाथचं शिवमंदिर आमच्यापासून लांब नाही. आमचे म्हातारे सांगायचे, पांडवांनी ते एका रात्रीत बांधलं, उजाडलं म्हणून शिखर अपुरं राहिलं. देवळातल्या लेखात मात्र शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा छित्तराजाच्या वेळी काम सुरू झालं आणि मुम्मुणीच्या वेळी पुरं झालं असं जाणकार मानतात. राजाचा खजिना, राजाचे पाथरवट, तरी एका कारकिर्दीत काम उरकलं नाही. त्यांच्या मुकादमाने किती वेळा ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हटलं असेल, देव जाणे. एका रात्रीत घर बांधणारे पांडव पुढे कुणालाच भेटले नाहीत.

आजोबांचं घर कुडाचं. मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरातून कारवी आणायची, तिचा कूड विणायचा, त्याला दोन्ही बाजूंनी शेणामातीचं लिंपण. लाकडाचे खांब, वर वासे, त्यावर आधी पेंढा आणि मागाहून कुंभाराची नळीची कौलं. या घराला ठेकेदार नव्हता. सुतार बलुतेदार होता, त्याचं वर्षाचं भात ठरलेलं. त्याला सुपारी द्यायची आणि दिवस सांगायचा. बाकीची माणसं गावातलीच. आज तुझ्या घराचं आढं चढवायला मी, उद्या माझ्या घराला तू. पैसा फिरत नव्हता, दिवस फिरत होते. कुणी आपल्या वाटचा दिवस चुकवला तर त्याच्या घराला हात लावायला कुणी जात नसे. सगळ्यांत मोठा करारनामा तोच.

त्या घराचं काम कधी संपलंही नाही. दर वर्षी वैशाखात शाकारणी. फुटकी कौलं काढायची, उरलेली चाळून परत लावायची, कूड पुन्हा लिंपायचा. घर आणि शेत दोन्हीला दर साल हात लावावा लागायचा. त्यामुळे घराला उशीर झाला असं म्हणायची पद्धतच नव्हती.

हे बदललं ते जमिनीमुळे. १९४८ चा कूळ कायदा आणि मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. कसणारा मालक झाला आणि खंडाचं भात मालकाच्या कोठारात जायचं ते हळूहळू घरात राहायला लागलं. १९६४ साली डोंबिवलीला एमआयडीसी आली, गावातली काही पोरं पाळीवर कंपनीत जायला लागली. आमच्याकडे विटेला पैसा आला तो या दोन वाटांनी. १९६९ साली बाबांनी कूड पाडून विटेचं घर बांधायला काढलं. वर मंगलोरी कौलं. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली हा कौलांचा कारखाना काढला, आणि शंभर वर्षांनी ती कौलं आमच्या वाशांवर चढली. नळीच्या कौलांपेक्षा ती हलकी आणि माकडांनी उड्या मारल्या तरी लवकर सरकत नाहीत, हे बाबांचं मत.

पण विटेच्या घराने बाबांना गावाबाहेरच्या माणसांवर अवलंबून केलं. त्यांच्या वहीत पहिली नोंद आश्विनातली आहे: भट्टीवाल्याला विसार दिला. भात अजून शेतात उभं, आणि विटेचा विसार आधीच दिलेला. कारण काय, तर दिवाळीनंतर जो जाईल त्याला वैशाखाची वीट मिळते, आणि वैशाखाची वीट मिळून उपयोग नाही.

आता या विसाराच्या मागे काय होतं ते सांगायला पाहिजे. भट्टीवाल्यानेही कुणाला तरी आधीच पैसे दिलेले असत. आमच्या भागातल्या भट्ट्या कातकऱ्यांच्या हातावर चालतात. आषाढ-श्रावणात कातकऱ्याच्या घरात दाणा नसतो. गणपतीच्या आगेमागे मुकादम वाडीवर जातो, उचल देतो. ती उचल फेडायला नवरा-बायको-पोरं दिवाळीनंतर भट्टीवर येतात आणि पावसाच्या तोंडाला परत जातात. कधी फिटते, कधी बाकी राहते, आणि बाकी राहिली की पुढच्या वर्षीही तिथेच. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ साली झाला. आमच्याच ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने त्यासाठी १९८२ पासून लढा दिला. आमची वीट वेळेवर आली याचं कौतुक गावात झालं. ती वेळेवर यावी म्हणून एका कुटुंबाचं वर्ष आधीच विकत घेतलेलं होतं. घराचं वेळापत्रक म्हणतात ते असं कुणाच्या तरी रिकाम्या चुलीपासून सुरू होतं. हे मला त्या वयात कळायचं कारण नव्हतं, पण बाबांना कळत होतं. वीट उतरवायला भट्टीवरून जी जोडपी यायची त्यांना बाबा मुकादमाच्या हाती न देता भात आणि सुकी मासळी स्वतः द्यायचे.

विटेनंतर रेती. रेती आमच्या खाडीतली. माणसं होडीतून जायची, बुडी मारून तळाची रेती वर काढायची. सरकारी कागदात त्याला ‘हातपाटी-डुबी’ असा शब्द आहे. श्वास धरून खाली जायचं, पाटी भरायची, वर यायचं. भरलेली होडी बंदराला लागायची ती भरतीवर. म्हणजे रेती कधी मिळणार हे रेतीवाल्याच्या हातात नव्हतं, चंद्राच्या हातात होतं. बाबांना ते गणित तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची, येतील तितक्या वाजता समुद्राला पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला, अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत आमच्यापर्यंत पाणी यायला त्याहून उशीर. उधाणाला होडी थेट धक्क्याला लागते, भांगाला अलीकडे चिखलात बसते. त्यामुळे गाडीवानाला सांगताना बाबा वार सांगत नसत, तिथी सांगत. ‘एकादशीला गाडी जुंप, दुपारच्या आत बंदरावर राव.’ बैल बंदरावर ताटकळले नाहीत आणि होडीवाल्याचाही खोळंबा झाला नाही. ती रेती खारी. आणल्या आणल्या वापरली तर भिंतीला लोणा लागतो. म्हणून ती गोड्या पाण्याने धुवायची, पसरून ठेवायची. यासाठी आणखी दिवस हातात धरावे लागत.

गवंडी होता दिव्याच्या बाजूचा. त्याला निरोप द्यायचा म्हणजे डोंबिवलीला दूध घालायला जाणाऱ्याबरोबर. निरोप संध्याकाळी पोचायचा, उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तरी काम अडलं नाही, कारण निरोप फार लागतच नव्हते. दसऱ्याला दोघं समोरासमोर बसले होते. जोत्यापर्यंत एवढे दिवस, भिंती एवढे दिवस, मग सुतार येईल, तेव्हा गवंड्याने आठ दिवस आपल्या घरी जाऊन राब भाजून यायचा. गवंडीही शेतकरीच होता. त्याचं शेत बाबांच्या हिशेबात धरलेलं होतं. अक्षय्यतृतीयेनंतर कौलं चढली. मृगाला दहा दिवस बाकी होते.

तिसरं घर माझं, १९८४ चं. स्लॅबचं. तोवर आमच्या डोक्यावर एक नवीन मालक आला होता. १ ऑक्टोबर १९८३ ला कल्याण महानगरपालिका झाली. आमच्यासारखी २७ गावं तिच्यात गेली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली परत आत. घराचा कागद कुणापुढे ठेवायचा, ग्रामपंचायतीपुढे की पालिकेपुढे, हे गावाकडे बघून ठरत नाही, साल बघून ठरतं. चार महिन्यांच्या कामाला कागदाचा महिना वेगळा धरावा लागतो, तो तेव्हापासून.

दुसरी अडचण सिमेंटची. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. परमिट काढायचं आणि वाट बघायची. १९८२ च्या जानेवारीत सिमेंटवाटपाच्या प्रकरणावरून राज्याच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली, यावरून त्या गोणीची किंमत समजावी. त्याच वर्षी फेब्रुवारीत नियंत्रण थोडं सैल झालं. एक भाव परमिटचा, एक खुल्या बाजाराचा. पूर्ण मोकळीक १ मार्च १९८९ ला. बरं, हाती लागली म्हणून गोणी साठवावी तर दमट हवेत तिचा दगड होतो. म्हणजे सिमेंट लवकरही नको आणि उशिराही नको, नेमक्या दिवशी हवं.

स्लॅबने आणखी एक गोष्ट बदलली. कौलारू घर थांबत थांबत बांधता येतं. आज चार वासे, परवा चार. स्लॅब एका दमात भरावा लागतो. सेंट्रिंगवाल्याने फळ्या ठोकल्या पाहिजेत, त्यावर फिटरने सळई बांधली पाहिजे, सळई बांधल्यावर आणि काँक्रिट पडायच्या आत वायरमनने पाइप आणि पंख्याची डबी बसवली पाहिजे. पाणी, खडी, रेती, सिमेंट, मिक्सर, वीस-पंचवीस माणसं एका सकाळी एका जागी. यातला एक जण आला नाही की बाकीचे बसून, आणि बसल्याचे पैसे मालकाचे. आजोबांच्या घराला एक सुतार सांभाळला की झालं. माझ्या घराला सात मिस्त्री, आणि सातही एकमेकांना ओळखत नव्हते. सगळ्यांना ओळखणारा मी एकटा.

मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर काम चालवलं. १९७३ पासून ते कॅलेंडर निघतं, आमच्याकडे दर घरी दुधाचा हिशेब त्याच्यावरच. मी त्याच चौकोनात मजुरांची हजेरी मांडली. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्याला आडवी. कोण कधी येतो म्हणाला ते वर, कधी आला ते खाली. महिनाभरात कुणाचा ‘उद्या’ किती दिवसांचा असतो ते डोळ्यांना दिसायला लागलं. सेंट्रिंगवाल्याचा उद्या म्हणजे तीन दिवस. वायरमनचा उद्या म्हणजे आठवडा. मग मी वायरमनला आठवडा आधी बोलवायला लागलो. तो येऊन म्हणाला, ‘शेठ, अजून सळई बांधली नाय.’ मी म्हटलं, ‘नाय बांधली तरी चा घे, बस, कुठे डबी पाहिजे ते बघून ठेव.’ दुसऱ्या खेपेला तो वेळेवर आला.

स्लॅब वैशाखात पडला. गावाच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी सगळ्यांना मटणाचं जेवण. पण जेवणाने काम संपत नाही. स्लॅबवर पाण्याची आळी करून निदान दोन आठवडे पाणी धरून ठेवावं लागतं, नाहीतर काँक्रिट कच्चं राहतं आणि चिरा जातात. आणि वैशाखात आमच्या विहिरींचा तळ दिसतो. माझी बायको, आई आणि बहीण पहाटे तीनला उठून विहिरीचं पाझरलेलं पाणी हंड्याने स्लॅबवर चढवायच्या. माझ्या कॅलेंडरवर मजुरांच्या रेघा आहेत, त्यांच्या नाहीत. त्यांना कुणी मजुरी दिली नाही, म्हणून हजेरीही मांडली गेली नाही. चाळीस वर्षांत त्या स्लॅबला गळती लागली नाही, ती त्या पाण्यामुळे.

चौथं घर मुलाने बांधलं. माझ्याच घराची मागची बाजू वाढवून, वर मजला. डिसेंबर २०१९ ला नारळ फोडला. काम अंगावर दिलं, म्हणजे सामान आमचं, मजुरी ठेकेदाराची, चौरस फुटाचा दर. खिशात फोन, मुलाने त्याच्यावर ग्रुप काढला. ठेकेदार, प्लंबर, लादीवाला सगळे त्यात. आम्हाला वाटलं, आता निरोपाचं काम मिटलं.

झालं उलटं. निरोप ढीगभर झाले, माणूस मिळेना. ठेकेदाराची त्या वेळी पाच ठिकाणी कामं चालू होती आणि माणसं दोन ठिकाणापुरती. ज्या मालकाचा आवाज मोठा त्याच्याकडे गवंडी जात. फोनवर ‘येतो काका’, ‘निघालोच’, ‘ट्रॅफिकमध्ये आहे’. कल्याण-शीळ रस्ता असा, की यातलं शेवटचं खरंही असू शकतं. पूर्वी गवंड्याच्या दाराशी जाऊन उभं राहिलं तर त्याला खोटं बोलायला तोंड फिरवावं लागायचं. फोनवर तोंड दिसतच नाही. शेवटी मी मुलाला म्हटलं, संदेश पाठवू नको, सकाळी साडेसातला तो ज्या टपरीवर चहा पितो तिथे जाऊन उभा राहा. मुलगा जायला लागला. काम सुरू झालं.

रेती आता खाडीची नव्हती. २०१० साली उच्च न्यायालयाने रेती उपशावर बंदी घातली. नंतर नियम बदलत राहिले, पण आमच्या कामाला आली ती खाणीतला दगड दळून केलेली. तिला तिथी लागत नाही. पाऊणपटीचं गणित माझ्या मुलाला मी सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. वापरायला जागा नव्हती.

मार्चअखेर पहिला स्लॅब टाकायचा होता. २४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला. आमच्याकडे नऊ मजूर होते, सगळे उत्तरेकडचे. ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. मुलाने हिशेब काढला. जेवढं काम झालं होतं तेवढ्याचे पैसे ठेकेदाराला गेले होते, पण मजुरांच्या हातात पोचले नव्हते. कायद्याने आमचं देणं फिटलं होतं. समोर मात्र नऊ माणसं बसली होती. पाच आठवडे त्यांनी आमच्याकडे खाल्लं. तांदूळ घरचा होता, त्याचं काही वाटलं नाही. मग ती नाशिक रस्त्याने चालत निघाली, तेव्हा मुलाने प्रत्येकाच्या हातात थोडे पैसे ठेवले. घराच्या हिशेबात ती रक्कम वेगळ्या पानावर आहे. ३ जूनला निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं, आमच्या अर्ध्या भिंतींवरची ताडपत्री उडाली. त्या पावसाळ्यात भिंती भिजल्या, सळई गंजली. माझी आई तेव्हा हयात होती. ती म्हणाली, ‘सालभर थांबला त काय जाला? भात बी एखांदा साल बुरतोच ना.’

२०२१ च्या मे महिन्यात काम पुरं झालं, दुसऱ्या ठेकेदाराकडून. नऊपैकी चार मजूर परत आले, ते थेट आमच्या दाराशी आले, ठेकेदाराकडे गेले नाहीत.

आता आमच्या आजूबाजूला टॉवर उभे आहेत. त्यांचं काम पावसात थांबत नाही, रात्री थांबत नाही. चार महिन्यांचा हिशेब त्यांना माहीत नाही. तिथे घर घेणाऱ्यासाठी रेराचा कायदा आहे, बिल्डरला ताब्याची तारीख लिहून द्यावी लागते आणि चुकवली तर दाद मागता येते. आपल्या जोत्यावर आपलं घर बांधणाऱ्याला असा आधार नाही. त्याच्यापाशी आहे एक वही, ठेकेदाराचा शब्द आणि पैसे द्यायचा हात.

तो हात कसा चालवायचा याची रीत बाबांपासून आमच्याकडे आहे, गावातली पोरं घर काढताना विचारायला येतात तेव्हा तीच सांगतो. पैसे दिवसाला देऊ नये, पायरीला द्यावे: जोतं, भिंती, स्लॅब, प्लास्टर, लादी. पुढच्या पायरीचं सामान आणि माणूस या पायरीच्या निम्म्यावर ठरवून ठेवावा. मिस्त्रीच्या घरची लग्नं आणि त्याच्या गावची जत्रा आधीच विचारून लिहून ठेवावी, कारण त्या दिवशी तो येणार नाही हे नक्की. मजुराला मजुरी मिळाली का हे आठवड्याला त्याच्याच तोंडून ऐकावं. वास्तूच्या दिवशी मिस्त्रीला टोपी, टॉवेल, नारळ देऊन मान द्यावा, पण शेवटचे थोडे पैसे ठेवून घ्यावे. सरकारी कामात हल्ली ठेकेदाराची अनामत अडकवून ठेवतात. आमच्याकडे तिची मुदत पंचांगात असते. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडू द्यायचा. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलवायचं, दोघांनी मिळून सगळ्या खोल्यांची वरची कोपरे-कोपरे हाताने चाचपून बघायचे. कोरडे असले तर तिथेच उभ्या उभ्या हिशेब पुरा करायचा, आणि त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही.